घरबसल्या पदवी



व्यापारधंद्याचे शास्त्र रीतसर शिकावे, विद्यापीठाची पदवी घ्यावी, आणि हे सारे घर न सोडता, हातातले काम न टाकता, आपल्याला झेपेल त्या चालीने करावे, अशी सोय आज झालेली आहे. रत्नागिरीतील एखाद्या दुकानदाराचा मुलगा, पतपेढीतील एखादी लेखनिक, मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीची उलाढाल करणारा एखादा तरुण, रात्री जेवणे आटोपल्यावर संगणकावर किंवा हातातल्या मोबाइलवर धडा उघडून बसतो. शिकविणारे प्राध्यापक कोठल्या गावी आहेत हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. व्यवसाय-व्यवस्थापनाच्या ऑनलाइन पदवीची ही गोष्ट कालपरवा आकाशातून पडली, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः तिच्यामागे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपल्या कोकणाचा वाटा लहान नाही. तो आज आपल्यापुढे थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगून ठेवतो. पुस्तक कोकणी माणसापासून फारसे दूर कधी नव्हते. दूर होती ती परीक्षा. आणि परीक्षेहूनही दूर होती ती मान्यता. पुढे मी जे सांगणार आहे ते ह्या दोन अंतरांविषयी आहे.

विद्यापीठे निघण्यापूर्वी आपल्याकडे व्यापार शिकत नसत असे नाही. राजापूर हे एके काळचे नामांकित बंदर. इंग्रजांनी तेथे सतराव्या शतकातच वखार घातली होती. अशा गावी मुलगा दहाबारा वर्षांचा झाला की त्याला मामाच्या किंवा ओळखीच्या सावकाराच्या पेढीवर बसवीत. पहिले वर्ष झाडलोट करण्यात आणि निरोप पोचविण्यात जाई. मग मोडी अक्षर घटवावयाचे, पावकी-निमकी तोंडपाठ करावयाची, मग रोजकीर्द लिहावयास घ्यावयाची, आणि हात बसल्यावर खतावणी. उधारी कोणास द्यावी आणि कोणास गोड बोलून परत पाठवावे, ही विद्या सर्वांत शेवटी येई; कित्येकांस ती येतही नसे. हुशार पोरगा दोन वर्षांत खतावणीवर येई, मंद पोरगा पाच वर्षांत. आपापल्या चालीने शिकणे म्हणतात ते हेच. उणीव एवढीच, की शिकून तयार झालेल्या त्या मुलाजवळ दाखवावयास कागद नसे. त्याची विद्या त्या एका पेढीपुरती आणि त्या एका गावापुरती खरी.

कागदाचे युग सुरू झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. १८५४ साली हिंदुस्थानात अर्ध्या आण्याचे टपाल सुरू झाले. पत्र शेजारच्या गावी जावो की कलकत्त्यास जावो, अंतर पाहून आकार घेण्याची जुनी पद्धत गेली. तीनच वर्षांनी, १८५७ च्या जुलै महिन्यात, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. परंतु टपालखात्याने जे अंतर रद्द केले ते विद्यापीठाने केले नाही. मॅट्रिकची परीक्षा झाली, की पुढे पदवीसाठी संलग्न कॉलेजात टर्मा भराव्या लागत. परीक्षेचा अभ्यास घरी कितीही करा, कॉलेजात हजेरी लागल्याचा दाखला नसेल तर परीक्षेस बसता येत नसे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर रत्नागिरीच्या शाळेत शिकले, पण पुढील शिक्षणासाठी त्यांस मुंबईची वाट धरावी लागली. भांडारकरांच्या बुद्धीच्या माणसास वाट सापडते. ज्यांना मुंबईस बिऱ्हाड करण्याची ऐपत नव्हती अशा शेकडो मुलांचे काय झाले, ते कोणत्याही चरित्रात लिहिलेले नाही.

परीक्षा किती दूर असे, ह्याचे एक उदाहरण आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक असेल. तरी ते येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. दापोली तालुक्यातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे १८७५ साली सरकारी नोकरीसाठी लागणाऱ्या एका परीक्षेस बसावयास निघाले. वय सतरा. दिवस पावसाळी, समुद्र खवळलेला, त्यामुळे जलमार्गाने जाणे अशक्य. तेव्हा सोबत्यांसह ते पायी निघाले आणि सह्याद्रीचा घाट चढून सुमारे ११० मैलांवरील साताऱ्यास पोचले. तेथे परीक्षकांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिले, वय कमी दिसते म्हणून शेरा मारला, आणि त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. परतीची वाटही तेवढीच लांब होती. कर्वे मॅट्रिक झाले ते १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, बी. ए. झाले ते १८८४ साली. आजच्या पालकांस हे वय ऐकून धसका बसेल. पण आपल्या चालीने शिकणारा माणूस हा असाच असतो. तो उशिरा पोचतो, आणि पोचल्यावर इतरांसाठी रस्ता करून देतो. त्या रस्त्याकडे पुढे येऊच.

इकडे विलायतेत काय घडत होते? १८४० साली तेथे एका पेनीचे टपाल निघाले आणि त्याच साली आयझॅक पिटमन ह्या गृहस्थाने आपल्या लघुलिपीचे धडे टपालाने पाठविण्यास आरंभ केला. शिकणाऱ्याने दिलेला उतारा लघुलिपीत लिहून परत धाडावयाचा, आणि पिटमनने तो तपासून पुन्हा पाठवावयाचा. पत्राने शिकविण्याची सुरुवात हिशेब आणि कचेरी ह्यांच्या कामाच्या विद्येपासून झाली, साहित्य किंवा तत्त्वज्ञान ह्यांपासून नव्हे, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट होय. पुढे ह्याच पिटमनच्या लघुलिपीने मुंबईच्या कचेऱ्यांत किती कोकणस्थ-देशस्थ संसार चालविले त्याची गणती नाही.

दुसरी गोष्ट लंडन विद्यापीठाची. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे १८५७ साली ज्या नमुन्यावर उभारली गेली तो नमुना लंडनचा होता. स्वतः शिकवावयाचे नाही, संलग्न कॉलेजांतून आलेल्यांची परीक्षा घ्यावयाची. पुढच्याच वर्षी, १८५८ साली, लंडन विद्यापीठाने नवी सनद घेतली आणि कॉलेजच्या दाखल्याची अट बहुतेक विषयांत काढून टाकली. कोणीही, कोठेही अभ्यास करावा आणि परीक्षेस यावे. आम्ही नक्कल उतरवून घेतली आणि वर्षाच्या आत मूळ प्रत बदलली! ती बदललेली प्रत उतरवून घेण्यास आम्हांस पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली.

आता व्यापारी शिक्षणाकडे वळू. व्यापार हा विद्यापीठात शिकविण्याचा विषय आहे, हे जगानेही उशिराच मान्य केले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हॉर्टन ह्यांच्या नावची शाळा १८८१ साली निघाली. हार्वर्डची व्यवसाय-शाळा १९०८ ची. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९१३ साली, मुंबईत सिडनेहॅम कॉलेज सुरू झाले. वाणिज्याचे ते आशिया खंडातील पहिले कॉलेज मानतात. म्हणजे ह्या बाबतीत आपण जगाच्या फार मागे होतो असे म्हणता येणार नाही. १९१८ साली ह्याच कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुजू झाले. त्यांचे मूळ गाव आंबडवे, आपल्याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले.

परंतु कॉलेज मुंबईत, वर्ग दिवसा, आणि दिवसा कोकणी माणूस गिरणीत किंवा कचेरीत. रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरीवर चालतो असे म्हणत, ते उगाच नव्हे. गावकीच्या खोलीत दहापंधरा जणांत अंथरूण टाकणाऱ्या मुलाला टर्म भरणे कसे परवडावे? तो मुंबईत राहत होता खरा, पण कॉलेजपासूनचे त्याचे अंतर रत्नागिरीहून कमी झाले नव्हते. मैलांचे अंतर जाऊन घड्याळाचे अंतर आले होते, एवढेच. रात्रशाळा त्याच्यासाठीच निघाल्या. १९४६ साली आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ कॉलेज काढले आणि नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले, त्यामागे हीच जाण होती. सहकार खात्यातर्फे होणारी सहकार आणि हिशेब ह्या विषयांची शासकीय पदविका, लोकांच्या तोंडी ‘जी. डी. सी. अँड ए.’, हीसुद्धा ह्याच माणसाची परीक्षा. घरी पुस्तके वाचून तिला बसता येते. तालुक्यातालुक्यांतील पतसंस्थांचे हिशेब तपासणारी कितीतरी मंडळी ह्या वाटेने आलेली आहेत. तिला कोणी दूरशिक्षण म्हणत नाही. पण ते दुसरे काय आहे?

मघाशी कर्व्यांच्या रस्त्याकडे येऊ म्हणालो होतो. १९१६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी पुण्यास स्त्रियांचे विद्यापीठ स्थापन केले. मातृभाषेतून शिक्षण हे त्याचे एक वैशिष्ट्य सर्वश्रुत आहे. दुसरे तितके सांगितले जात नाही. घरी अभ्यास करून परीक्षेस बसणाऱ्या बायकांनाही त्या विद्यापीठाने आपले दार उघडे ठेवले. ज्या बाईच्या पदरी दोन मुले, घरात सासूसासरे, दारात गाय, तिला वसतिगृहात येऊन राहा असे सांगणे म्हणजे शिकू नको असेच सांगणे होय. साताऱ्याच्या वाटेवर पाय झिजविलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागले नसेल. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी १५ लक्ष रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाईंचे, नाव विद्यापीठास लाभले.

पैसा मिळाला, नाव मिळाले. मान्यता मात्र मिळेना. ‘गृहीतागमा’ ही त्या विद्यापीठाची पदवी. ती घेतलेल्या स्त्रीचे ज्ञान कोणी नाकारीत नव्हते, परंतु तिच्या पदवीस सरकारी शिक्का नव्हता. कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ म्हणून त्याची गणना झाली ती १९५१ साली. १९१६ ते १९५१ म्हणजे ३५ वर्षे! ह्या काळात ज्यांनी पदव्या घेतल्या त्यांच्यापैकी कित्येकींना, तुमची ही पदवी खरी का, हा प्रश्न आयुष्यभर ऐकावा लागला असेल. हा प्रश्न आपण ध्यानात ठेवावा. कारण शंभर वर्षांनी तोच प्रश्न ऑनलाइन पदवीवाल्यांस विचारला गेला.

स्वातंत्र्यानंतर गोष्टी हळूहळू पालटल्या. रत्नागिरीस कॉलेज आले होते ते १९४५ सालीच. आज आपण ज्यास गोगटे-जोगळेकर महाविद्यालय म्हणतो ते. त्याने शहरातील आणि जवळपासच्या मुलांची मुंबईवारी वाचविली. पण मंडणगडच्या किंवा लांज्याच्या मुलास रत्नागिरी हीच मुंबई. १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षणाचा प्रयोग सुरू केला, आणि १९७१ साली मुंबई विद्यापीठाने त्यासाठी स्वतंत्र संचालनालय काढले. कला आणि वाणिज्य ह्या शाखांचे धडे टपालाने घरी येऊ लागले. लंडनची बदललेली प्रत आपल्या हाती आली ती अशी.

मी स्वतः जुन्या अकरावीचा मॅट्रिक. त्यापुढे शिक्षकाची सनद घेतली आणि प्राथमिक शाळेत आयुष्य काढले. पदवी माझ्या नावापुढे नाही. पण माझ्या बरोबरीच्या मंडळींनी पत्रद्वारा केलेला अभ्यास मी जवळून पाहिला आहे. टपालाने पुडकी येत. पहिले पुडके मोठ्या हौसेने सोडले जाई, वर्तमानपत्राचे वेष्टन घातले जाई. तिसरे पुडके सुतळीसकट माळ्यावर जाई. पूर्ण करणारे थोडे होते, आणि त्यांच्यात मला एक गोष्ट सारखी दिसली. ती माणसे काही विशेष बुद्धिमान नव्हती. त्यांनी दिवसाची एक वेळ ठरविली होती. एकजण पहाटे चारला उठे. दुसरे मधल्या सुटीत शाळेच्या मागील दारी बसून हिशेबाची उदाहरणे सोडवीत, आणि मुले त्यांस, गुरुजी गृहपाठ करतात, म्हणून हसत. टपालाचेही भोग होतेच. एका विद्यापीठाचे एक पुडके परीक्षा होऊन गेल्यावर पंधरा दिवसांनी आलेले मला आठवते. पोस्टमनच बिचारा ओशाळला.

पुढचा टप्पा मुक्त विद्यापीठांचा. इंग्लंडात ह्या विद्यापीठाची स्थापना १९६९ ची. १९७१ साली पहिल्या खेपेस सुमारे २४ हजार विद्यार्थी दाखल झाले. ह्या विद्यापीठाचे पाठ नभोवाणीवरून आणि दूरचित्रवाणीवरून होत, हे आपणां श्रोत्यांस सांगण्यास मला विशेष आनंद वाटतो. भारतात पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादेस निघाले. १९८५ साली संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ झाले. त्याने १९८७ साली पहिले दोन शिक्षणक्रम सुरू केले, तेव्हा विद्यार्थी होते ४,५२८. ह्या दोहोंपैकी एक दूरशिक्षणशास्त्राची पदविका आणि दुसरा, लक्ष द्या, व्यवस्थापनाची पदविका. इतिहास, भाषा, समाजशास्त्र मागून आले.

हे असे का घडावे? माझ्या अल्प मतीप्रमाणे ह्याचे कारण विषयातच आहे. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा हवी, वैद्यकाला रुग्णालय हवे. व्यवस्थापन शिकणारा माणूस बहुधा आधीच कोठेतरी कामाला असतो. त्याचे दुकान, त्याची कचेरी, त्याचा कारखाना हीच त्याची प्रयोगशाळा. मालाचा साठा किती ठेवावा हे पुस्तकात सकाळी वाचावे आणि दुपारी गोदामात जाऊन पडताळून पाहावे. जुन्या पेढीवरची पद्धत येथे पुन्हा भेटते. फरक इतकाच, की आता शेवटी कागद मिळतो. अभियांत्रिकी, वैद्यक, कायदा वगैरे विषय दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकविण्यास आपल्याकडे बंदी आहे. व्यवस्थापनास नाही, तेही ह्यामुळेच.

१९८९ साली महाराष्ट्राने स्वतःचे मुक्त विद्यापीठ नाशिकला उभारले आणि त्यास यशवंतराव चव्हाणांचे नाव दिले. प्राध्यापक राम ताकवले हे पहिले कुलगुरू. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी आधी भूषविलेले होते. पुढे ते दिल्लीच्या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. २०२३ साली ते निवर्तले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद. त्याने केलेल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक, बारावी न झालेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढून त्यांस पदवीच्या दारापर्यंत आणले. दुसरी, वाणिज्याची पुस्तके सोप्या मराठीत आणि एकट्याने वाचून कळतील अशा रीतीने लिहवून घेतली. नफातोटा पत्रक आणि ताळेबंद ह्यांचे मर्म इंग्रजीतून न कळल्यामुळे ज्यांनी व्यापारशिक्षण अर्ध्यावर टाकले, त्यांची संख्या थोडी नसावी. कर्व्यांनी १९१६ साली मातृभाषेचा आग्रह धरला तो स्त्रियांसाठी; येथे तो दुकानदारांच्या, शिपायांच्या आणि शेतकऱ्यांच्या उपयोगी पडला. आजच्या पुष्कळशा ऑनलाइन व्यवस्थापन-शिक्षणक्रमांत ही कमाई पुन्हा गमावली जात आहे, असे मला स्पष्ट वाटते. त्यांची भाषा इंग्रजी, उदाहरणे अमेरिकेतील, आणि जाहिरात मात्र आपल्या मराठीत!

ऑनलाइनचा कालक्रम थोडक्यात सांगतो. २०१७ च्या जुलैत केंद्र सरकारने ‘स्वयम्’ नावाचे शिक्षणपीठ महाजालावर उघडले. दृश्य व्याख्यान, वाचावयाचा मजकूर, शंकासमाधानाची चर्चा आणि स्वतःची परीक्षा, अशी तेथील प्रत्येक पाठाची चार अंगे. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने संपूर्ण पदवी ऑनलाइन देण्याचे नियम केले. २०२० च्या सप्टेंबरात ते दूरशिक्षणाच्या नियमांशी एकत्र करून नव्याने जाहीर केले. मध्यंतरी साथीच्या टाळेबंदीने साऱ्या देशास पडद्यासमोर बसविले होते, तेव्हा ह्या नियमांचे महत्त्व सामान्य माणसासही उमजले. आणि २०२२ च्या सप्टेंबरात आयोगाने जाहीर केले, की मान्यताप्राप्त विद्यापीठाने दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन दिलेली पदवी ही नेहमीच्या पदवीशी समान मानावी. गृहीतागमा झालेल्या स्त्रियांस जे उत्तर मिळावयास ३५ वर्षे लागली, तेच हे उत्तर.

त्या जाहीरनाम्यातील ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द मात्र डोळ्यांआड करू नये. २०१७ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी पत्रद्वारा दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्यांवर निर्णय दिला, आणि योग्य परवानगीवाचून चालविलेल्या त्या शिक्षणक्रमांतील पदव्यांवर गदा आली. शिकणाऱ्यांनी पैसे भरले होते, वर्षे घातली होती. दोष देणाऱ्याचा, भोग घेणाऱ्याला. म्हणून ज्या शिक्षणक्रमास नाव घालावयाचे तो त्या वर्षासाठी मान्य आहे की नाही, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर आधी पाहावे, मग शुल्क भरावे. सहा महिन्यांत पदवी, एका वर्षात दोन पदव्या, असे सांगणाऱ्या दलालास दारातूनच परत पाठवावे. मघाच्या पेढीवरील शेवटची विद्या येथे कामास येते.

आता ‘आपल्या चालीने’ ह्या शब्दांचा अर्थ जरा हिशेब करून पाहू. मी मास्तर आहे, हिशेबावाचून मला चैन पडणार नाही. तीन वर्षांच्या पदवीस आता साधारणपणे १२० श्रेयांक लागतात. मुक्त विद्यापीठांच्या पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. वाचणे, ऐकणे, स्वाध्याय लिहिणे, सारे धरून. म्हणजे एकूण तास झाले ३,६००. तीन वर्षांत संपवावयाचे तर वर्षास १,२००, अर्थात रोज सव्वातीन तासांहून अधिक, सणवार न पाळता. नोकरी करणाऱ्यास हे अवघड आहे. रोज दोन तास देता आले तर १,८०० दिवस, म्हणजे जवळजवळ पाच वर्षे. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात तीन वर्षांची पदवी पुरी करण्यास कमाल सहा वर्षे मिळतात. तेव्हा दोन तासांची चाल बसते. रोजच्या एका तासाची बसत नाही, तिला दहा वर्षे लागतील आणि नोंदणी तोपर्यंत संपलेली असेल. दोर लांब केलेला आहे, सोडलेला नाही. नाव घालण्यापूर्वी हा गुणाकार प्रत्येकाने कागदावर करावा. जाहिरातींत तो मला कोठे आढळला नाही.

घाट आणि समुद्र ह्यांची अडचण संपली, असेही समजण्याचे कारण नाही. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि मुंबई एका रात्रीवर आली. महाजालाने तीही रात्र वाचविली. परंतु ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यावर आले आणि दापोली-मंडणगड भागात विजेचे खांब, दूरध्वनीचे मनोरे, माडाची झाडे एका दिवसात आडवी झाली. कित्येक गावांत वीज येण्यास आठवडे लागले. टाळेबंदीमुळे शाळा-कॉलेजे बंद, अभ्यास म्हणजे केवळ ऑनलाइन, आणि ऑनलाइनला वीज नाही, अशी ती अवस्था. कर्व्यांचे मुरूड आणि आंबेडकरांचे आंबडवे ह्याच दोन तालुक्यांत आहेत. पुढच्या वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळ आले, जुलैत चिपळूणला महापूर आला. अशा दिवसांत धडे छापलेल्या पुस्तकात असलेला विद्यार्थी कंदिलावर का होईना वाचू शकतो. म्हणून पडद्यावरील शिक्षणक्रम घेणाऱ्या कोकणवासीयाने छापील पुस्तकांची सोय आहे का, ते विचारून घ्यावे. शहरातील माणसास हे सुचणार नाही.

आणखी एक स्थानिक गोष्ट आहे. बहुतेक विद्यापीठांच्या वार्षिक परीक्षा मे-जूनच्या सुमारास येतात. आपल्याकडे तेच दिवस आंब्याचे. पहाटे झेल्याने आंबा उतरवावयाचा, दिवसा प्रतवारी, आढीत घालणे, पेट्या भरणे, रात्री ट्रक रवाना करणे आणि मध्यरात्री वाशीच्या दलालाशी भाव बोलणे. ज्याचा धंदा हा आहे त्याने एप्रिल-मेमध्ये पुस्तक उघडावे अशी अपेक्षा करणे व्यर्थ. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. बागायतदाराच्या मुलामुलींनी जूनची परीक्षा सोडून डिसेंबरची धरावी, असे मी नेहमी सांगतो. शेवटची पेटी गेली, पाऊस लागला, की जून ते सप्टेंबर घरात बसण्याचे चार महिने मिळतात आणि रोजचे दोन तास त्यांतून सहज निघतात. डिसेंबरात कलमांना मोहोर फुटू लागतो आणि फवारणीची कामे निघतात, पण ती दिवसाउजेडी उरकतात. संध्याकाळ मोकळी असते.